शेवटची एक घासणी

पहिलंच सांगतो:
स्वयंपाकघरात लाकूड नको म्हणणारे चुकत नाहीत.
पाणी कुणाचं मिंधं नसतं.
त्यात आमचं हँकॉक; सहा महिने बर्फ,
बुटांना लागून आत येणारं रस्त्यावरचं मीठ.
अठ्ठावीस वर्षं गुडघ्यांवर चालून मी पोट भरलं
लोकांच्या पायाखाली फळ्या बसवत,
तरी कुणी विचारलं की म्हणतो, टाइल घाला.

हिल्या तुओमेलाने विचारलंच नाही.
दुकानातून तीन तुकडे नेले घरी,
ओक, हिकरी, वॉलनट.
तिघांवर बिटाचं सूप सांडलं,
बिडाचं झाकण सोडलं कमरेच्या उंचीवरून,
ओलं फडकं, त्यावर तवा ठेवून झोपून गेली.
सकाळी ओकच्या अंगावर काळं कडं,
वॉलनटला खोक.
हिकरी तेवढं धड.
"पण बघून डोकं दुखतं. किती त्या रेघा!"

मग कळलं, शाळा पाडतायत,
जिमचं मेपल ढिगाने विकतायत, खिळ्यांसकट.
तिने ट्रक भरून आणलं.
एका फळीवर निळी रेघ, दुसरीवर
लाल कमानीचा वीतभर तुकडा.
म्हटलं, रंग काढून देतो.
"राहू दे, ऑर्विल."
तिच्या वेळी मुलींचा संघ नव्हता.
चार हिवाळे ती कडेच्या बाकावर बसून
मुलांचे गुण लिहायची.
आत पाऊल टाकायची सोय नव्हती.

लाकूड आणलं की लगेच ठोकायचं नसतं.
त्याच घरात, त्याच चुलीच्या उबेला
मधे काड्या घालून रचून ठेवायचं
दहा-बारा दिवस. मुरू द्यायचं.
भिंतीपाशी बोटभर जागा सोडायची,
उन्हाळ्यात ते अंग फुगवतं, तेव्हा कुठे जाईल?
जानेवारीत फटी पडतील,
त्यात पोस्टकार्ड उभं राहील. घाबरून फोन करू नका.
जूनमध्ये आपोआप मिटतात.
(लोक फोन करतातच.)

बाकी सांगण्यासारखं थोडं.
खुर्च्यांच्या पायांना नमदा.
सांडलं की तेव्हाच पुसा, जेवण झाल्यावर नाही.
वाफेचा पोछा घरात असेल तर शेजाऱ्याला द्या,
न आवडणाऱ्या.
फडकं इतकं पिळा
की तुम्हालाच वाटावं, हे काय पुसणार.

सतरा वर्षांनी तिने बोलावलं.
सिंकपासून स्टोव्हपर्यंत फिकट वाट पडलेली,
दाराशी मिठाने खाल्लेला पांढुरका पट्टा,
कुत्रा नाही, त्याच्या भांड्याचं कडं आहे.
मुलगा मार्टी म्हणाला, एकदाचं घासून टाका सगळं,
घर विकायचं तर चकचकीत हवं.

मी हीटरची लोखंडी जाळी उचलली,
फळीची कड बघितली आडवी.
जिभळीच्या वर किती उरलंय,
ते तिथेच दिसतं, खोटं बोलता येत नाही.
आधी शाळेने किती वेळा घासलं, कोण जाणे.
म्हटलं, एकदा. फार तर एकदाच.
त्यानंतर खिळे वर येतील.

हिल्या बराच वेळ जाळीच्या भोकात बघत राहिली.
"म्हणजे ती एक आता वापरायची,
नाहीतर पुढे येईल त्याला ठेवायची."
मार्टीने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.
"ठेव," ती म्हणाली.
"त्यांना लहान मुलं असली तर?"

तेव्हा नुसतं साबणाने धुतलं, हाताने,
वाळू दिलं, तेल चोळलं.
फिकट वाट तेलाने गडद झाली, गेली नाही.
दुपारी मी पेटी आवरत होतो,
ती मोजे काढून
निळ्या रेघेवर उभी होती, अनवाणी,
आणि मार्टीला ओरडत होती,
बूट, बूट काढ आधी.